गिटारीतली चौकोनी बॅटरी

अंतोन,

परवा तुझ्या घरातली माणसं पांगल्यावर रेजिनाने मला सांगितलं की तुझ्या शर्टाची बटणं गेली काही वर्षं तीच लावत होती. साखरेमुळे तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली होती. बटण चिमटीत आलं की नाही, हे तुला बघितल्याशिवाय कळायचं नाही. आणि यातलं एक अक्षरही मार्थाच्या, म्हणजे माझ्या, कानावर जाता कामा नये, अशी तू तुझ्या बायकोला ताकीद दिली होतीस. रेजिनाला वाटलं, हे ऐकून मी रडेन. मी तिला म्हटलं, मला ईस्टरपासून माहीत आहे. मग तीच रडली.

मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. तरी त्यावर आपण एक शब्द बोललो नाही. गिटारीतल्या पिकअपवरून, त्या आत बसवलेल्या माइकवरून, मात्र सतत भांडलो. आता ते भांडण माझ्या एकटीकडे आलं आहे, आणि अर्धवट काम दुकानात पडून राहिलेलं मला आवडत नाही, म्हणून लिहिते. तुझा जन्म कधीचा, सातिवलीच्या कारखान्यात तू कोणत्या हुद्द्यापर्यंत गेलास, चर्चची काय सेवा केलीस, ते सगळं फादर चर्चच्या अंकात छापणार आहेत. तुझी वाक्यं मी शाळेच्या मराठीत लिहिते. आपली घरची बोली कागदावर घेतली की परक्याची वाटायला लागते. तू समजून घे.

ती गिटार रेजिनाच्या भावाने मस्कतहून आणली. तू ती घरी न नेता स्टेशनावरून सरळ माझ्या दुकानात घेऊन आलास. मी होल्डर आणि वायरची बंडलं बाजूला सारून काउंटर मोकळा केला. तू पेटी उघडलीस. काळी, चकचकीत गिटार, आणि तिच्या कुशीत, जिथे नुसतं लाकूड असायला हवं तिथे, बटणांची एक चौकोनी पट्टी.

"बाय, हिला पुढे माइक लागत नाही. सगळं आतच आहे. वायर खुपसली की झालं," तू म्हणालास.

मी गिटार उलटीसुलटी केली. मागच्या बाजूला बॅटरीची पेटी होती, चौकोनी नऊ व्होल्टची. मी म्हटलं, सगळं आतच आहे हेच तर वाईट आहे.

तू म्हणालास, "तू गिटार बघतेस की मिक्सर?"

मी म्हटलं, मिक्सर असता तर आधी गॅरंटी कार्ड मागितलं असतं.

त्या दिवशी मी जे मुद्दे मांडले त्यातला एकही मी आज मागे घेत नाही. लाकूड जन्मभर टिकतं, उलट वाजवून वाजवून सुधारतं. सर्किट तसं नसतं. ते जातं, आणि जातं तेव्हा कंपनीने तो नमुना बनवणं बंद केलेलं असतं. मग हातात काय राहतं? भोक पाडलेली गिटार. वसईची खारी हवा स्विचमधल्या तांब्यावर हिरवं चढवते, माझ्या दुकानातली डब्यातला मालसुद्धा तिच्यातून सुटत नाही, तर ही पट्टी काय सुटणार. लोडशेडिंगमध्ये हिचा काय उपयोग? आणि आवाज. तुझी जुनी, मोठ्या पोटाची तपकिरी गिटार खोलीत वाजली की खोली वाजायची. या नवीला वायर काढून वाजवलं तर ती घशात खवखव असलेल्या माणसासारखी बोलायची. जाड लाकूड लावलेलं, स्पीकरमध्ये शिट्टी येऊ नये म्हणून. वायर लावली की मोठा आवाज यायचा, पण तो लाकडाचा नव्हता. पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा कोरडा. मी तुला सांगितलं की हवा तर मधल्या गोल भोकावर चिकटवायचा, काढता-घालता येणारा पिकअप घे. जुन्या गिटारीला लाव, नको झाला की काढून ठेव. नवं एकही भोक पाडावं लागणार नाही. नाहीतर स्टँडवर माइक देते आणि तू एका जागी बसून वाजव.

तू सगळं ऐकून घेतलंस. तुझा तो स्वभावच होता, ऐकून घ्यायचं आणि मग आपलंच करायचं. "हिला हळू छेडलं तरी ऐकू येतं," एवढंच म्हणालास.

मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही, कारण ते वाक्य मला काउंटरवरच्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या वाक्यासारखं वाटलं. परवा मी रेजिनाला विचारलं, बोटांना मुंग्या कधी सुरू झाल्या? ती म्हणाली, भाऊ मस्कतहून आला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात. म्हणजे तू गिटार मागवलीस तीच त्यासाठी. तारा बारीक लावून घेतल्यास, त्या लाकडाच्या अगदी जवळ आणून घेतल्यास, म्हणजे दाबायला जोर नको. बाकीचा जोर मशीन देईल. तुझ्या बाजूने हिशेब बरोबर होता. फक्त तू तो मला दाखवला नाहीस, आणि मग मी तुझ्याशी खाऱ्या हवेवरून वाद घालत बसले. तू मला गप्प करू शकला असतास, अंतोन, एका वाक्यात. अजूनही मला त्याचा राग आहे.

दोन गोष्टी मात्र मला खटकल्या होत्या. एक म्हणजे तू मे महिन्यात क्रुसाजवळ यायचा बंद झालास. आपल्या आळीच्या क्रुसाजवळ मेभर संध्याकाळी माळेची प्रार्थना होते, त्यानंतर भक्तिगीतं. तिथे ना स्पीकर ना मशीन. आपण शाळेत असल्यापासून तू तिथे गिटार घेऊन यायचास, डास मारत वाजवायचास. नवी गिटार आल्यावर तू कधी सर्दी सांगितलीस, कधी ओव्हरटाइम. मंडळातल्या सेसिल मावशी म्हणाल्या, "अंतोनला आता करंट लागतो गायला." मीही त्या बायकांबरोबर हसले. मला वाटलं, मस्कतची गिटार आणि मोठं नाक.

दुसरी गोष्ट म्हणजे वायर. त्या गिटारीत वायर खुपसली की बॅटरी चालू होते, वाजवा की न वाजवा. चर्चमधली मिस्सा संपली की वायर काढायची, एवढं साधं. तू विसरायचास. मग माझ्या दुकानात यायचास, "एक चौकोनी दे." मी मीटर लावून तुझी जुनी बॅटरी तपासायचे, काटा हलायचा नाही, आणि मी तुला वायरवरून बोलायचे. शेवटी मिस्सा संपल्यावर वायर मीच काढायला लागले. चर्चच्या माळ्यावरून गायनमंडळ खाली उतरायचं आणि मी मागे राहून तुझी वायर गुंडाळायचे. आता वाटतं, तू विसरत नव्हतास. ती घट्ट बसलेली पिन ओढायला बोटांत पकड लागते.

मग तो ईस्टर.

ईस्टरआधीच्या गुरुवारी, आज्ञा गुरुवारच्या मिस्सेत, गौरवगीत झालं की वाद्यं बंद होतात. घंटासुद्धा बंद. शुक्रवारचा दिवस नुसत्या गळ्यावर काढायचा, आणि शनिवारच्या विधीत पुन्हा गौरवगीत येतं तेव्हा घंटा, वाद्यं, दिवे, सगळं एकदम. हे आपण लहानपणापासून करत आलो. त्या गुरुवारी गौरवगीत संपलं तसं तू गिटार भिंतीला टेकवून ठेवलीस आणि आपण पुढचं सगळं तोंडी म्हटलं. वाद्यांना हात लावायचा नाही म्हणून कुणी लावला नाही. मी पण नाही. नंतर पाय धुण्याचा विधी, खाली मिरवणूक, सगळे माळ्यावरून उतरून गेले. गिटार वायरसकट तिथेच.

शनिवारी वेदीवरचे दिवे लागले, घंटा वाजल्या, आणि फादरांनी सुरुवात केली. घंटा थांबल्या की तुझा पहिला सूर यायचा आणि आपण उचलायचं. घंटा थांबल्या. तू तारा छेडल्यास. काहीच नाही. स्पीकरमधून नुसती हवा. बॅटरी गुरुवारपासून जळत होती.

तू पुन्हा छेडलंस, जोरात. मी तुझ्या समोरच उभी होते. तुझ्या हातातली तारा छेडायची प्लॅस्टिकची टिकली निसटून फळीवर पडली. ती पडलेली मला दिसली. तुला कळलं नाही. तुझी दोन बोटं तशीच चिमटीत, टिकली धरल्यासारखी, आणि तू रिकामी चिमूट तारांवरून फिरवत होतास. तुझी नजर माझ्यावर होती. आवाज का येत नाही हे मला विचारत होतास.

मला जे कळायचं ते तेवढ्यात कळलं. बारीक तारा, क्रूस, वायर, "हळू छेडलं तरी ऐकू येतं", सगळं.

सगळं चर्च वाट बघत होतं. माझा आवाज मोठा आहे, मंडळातल्या बायकांचे त्याहून मोठे, आम्ही तसंच उचललं असतं तर गीत झालं असतं. कुणाला काही कळलंही नसतं, फक्त तू तिथे आहेस हे कुणाला ऐकू आलं नसतं. मी मंडळाकडे वळले आणि हात खाली दाबला. मी गौरवगीत इतक्या हळू सुरू केलं की मलाच नवल वाटलं. बायका गोंधळल्या, पण माझा हात खाली होता, म्हणून त्यांनीही आवाज खाली घेतला. माळ्यावरचा पंखा मी बंद केला. तू खाली बघितलंस, टिकली दिसली, उचलली नाहीस. उघड्या बोटांनी वाजवायला लागलास. दुसऱ्या कडव्यापर्यंत खाली बसलेल्या लोकांनीही हळू गायला सुरुवात केली, आणि तुझी ती खवखवणारी गिटार, वायरशिवाय, वेदीपर्यंत ऐकू गेली. उभ्या जन्मात आमचं मंडळ इतकं बरं गायलं नव्हतं. हे मी तुझ्यासाठी म्हणत नाही, मला कान आहेत.

खाली उतरल्यावर फादर म्हणाले, या वेळचं गौरवगीत फार प्रार्थनामय झालं, पुढच्या वर्षीही असंच ठेवा. सेसिल मावशींनी मला कोपऱ्यात घेतलं. "मार्था, ईस्टर होता की मर्तिक?"

मी परत माळ्यावर गेले. तू बाकावर बसला होतास. मी टिकली उचलून तुझ्या खिशात टाकली. वायर काढली.

"राहिलीच बघ," तू म्हणालास.

"गुरुवारपासून," मी म्हणाले.

तू मान हलवलीस. आपण खाली आलो, रेजिनाने आणलेला केक खाल्ला. सोमवारी तू दुकानात आलास. सुट्टीचा दिवस, अर्धं शटर वर होतं, तरी वाकून आत आलास. "एक चौकोनी दे." मी म्हटलं, दोन ने. तू दोन्ही घेतल्यास. एवढंच आपलं बोलणं. एरवी मी तुला वायरवरून ऐकवलं असतं. मी ऐकवलं नाही, यावरूनच तुला कळलं असणार.

त्यानंतर मी सरावाला मंडळाला हळू गायला शिकवलं. फादरांची इच्छा आहे म्हणून सांगितलं, ते खोटंही नव्हतं. हळू गाणं ओरडून गाण्यापेक्षा कठीण, श्वास पुरवावा लागतो, सूर झाकता येत नाही. बायकांनी कुरकुर केली. सेसिल मावशी म्हणाल्या की घरी सुनेसमोर हळू, इथे मार्थासमोर हळू, मोठ्याने बोलायला आता फक्त मासळी बाजार राहिला. पण शिकल्या. मे महिना आला तेव्हा क्रुसाजवळ चटया घातल्या होत्या, आणि तू जुनी तपकिरी गिटार घेऊन आलास. तिलाही बारीक तारा लावल्या होत्यास. कुणी काही विचारलं नाही. मावशींनी तुला बसायला आपली खुर्ची दिली, आणि ती खुर्ची त्या फादरांनाही देत नाहीत. तू वाजवलंस ते समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीत दोनदा बुडालं, पण बाकी सगळं ऐकू आलं. त्या महिन्याबद्दल मला कुणाचे तरी आभार मानायचे आहेत. तुझे मानते. तू आला नसतास तर माझी शिकवणी फुकट गेली असती.

आणि मग पावसाळ्यात ती पट्टी बिघडली. मी म्हटलं होतं तशीच. बटण सरकवलं की खर्र खर्र, मग आवाज जायचा, थाप मारली की यायचा. मी उघडून बघितली. आत हिरवं धरलं होतं. पुसून, घासून मी जमेल तेवढं केलं, पण एक भाग गेलाच होता. कुणीतरी विरारला मनवेलपाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याचं नाव सांगितलं. आपण दोघं रविवारी गेलो. चाळीतली एक खोली, भिंतीवर उघडे अँप्लिफायर. तो माणूस गिटार मांडीवर घेऊन बघत राहिला. तारांवर अंगठा फिरवला, तुझ्याकडे बघितलं, तारा इतक्या खाली का हे विचारायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, विचारलं नाही.

मग मला म्हणाला, "मॅडम, हा मॉडेल बंद झाला. पार्ट मिळणार नाही. दुसरा बसवून देतो, पन साइज मोठी आहे, होल अजून कापायला लागेल."

मी तुझ्याकडे बघितलं. जिंकल्याचा चेहरा मी केला नाही, असं मला वाटतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

बाहेर रिक्षासाठी उभे होतो तेव्हा मी म्हटलं, कापू नको. ती जाऊ दे. जुनी गिटार आण, मी स्टँडवर माइक देते, मंडळ आता हळू गातंच आहे. तू छत्री धरली होतीस, दोन्ही हातांनी. मग म्हणालास, "माझ्यासाठी सगळ्यांनी किती दिवस हळू गायचं?"

इतकं जवळ तू त्या गोष्टीच्या कधी आला नव्हतास. मला उत्तर द्यायचं होतं. पण रिक्षा आली, तिच्यात आधीच दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या, आणि अशा ठिकाणी बोलायची ती गोष्ट नव्हती. तू पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलास. स्टेशनावर उतरल्यावर म्हणालास की भोक कापायचं की नाही ते सणाआधी ठरवू. मी म्हटलं, ठरवू.

ते ठरायचं राहिलं. कारखान्यातून तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला ट्यूबचा चोक दाखवत होते. तो चोक मी त्याला विकला, सुटे पैसे दिले, मग शटर ओढलं. हे मी तुला सांगते कारण तूच एक असा आहेस जो यावर हसला असता.

मर्तिकाच्या मिस्सेला माळ्यावर तुझी खुर्ची होती, गिटार नव्हती. सूर मीच दिला. मी मनात ठरवून गेले होते की आज मोकळ्या आवाजात गायचं. कुणाला सांभाळायचं नाही, कुणाला जागा द्यायची नाही, तुला पोहोचवायचं तर नीट, चर्च भरून. मी हात खाली दाबला नाही. उलट पहिली ओळ मोठ्याने उचलली. पण मंडळ हळूच आलं. सगळेच्या सगळे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ती त्यांची आता सवयच झाली आहे. त्या हळू आवाजांच्या मध्ये गिटारीएवढी जागा होती आणि तिच्यात काहीही वाजत नव्हतं. दुसऱ्या ओळीला मीही आवाज खाली घेतला. सेसिल मावशी माझ्या शेजारी होत्या. त्याही हळूच गात होत्या.

किती दिवस, असं तू विचारलं होतंस. मला तरी थांबायची काही चिन्हं दिसत नाहीत.

रेजिनाने दोन्ही गिटारी मला घेऊन जायला सांगितलं. जुनी चर्चच्या माळ्यावर ठेवली आहे, पेटीत, ओल लागू नये म्हणून आत खडूचे तुकडे घालून. काळी माझ्याकडे आहे. तिचं भोक मी कापू देणार नाही, हा त्या भांडणाचा निकाल, आणि तुला अपील करता येत नाही. तिच्या मागची पेटी उघडून मी बॅटरी काढली. पडून राहिलेली बॅटरी पाझरते आणि सगळं खाऊन टाकते, हेही मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात तू ती घरी वायर लावून वाजवली होतीस म्हणे, पण वायर काढलेली होती. कुणी काढली माहीत नाही. रेजिना म्हणाली, तिने नाही.

बॅटरी मीटर लावून तपासली. काटा वर गेला. दुकानातल्या मीटरलाही तीच चौकोनी लागते, आणि त्यातली या महिन्यात संपतच आली होती. तुझी तिथे घातली आहे. कुणी बल्ब आणतं, कुणी सेल आणतं, मी तपासून देते. चांगली चालते आहे.